मेरूपाशी

आज मठात शेजारी बसलेल्या आजींची बोटं मेरुमण्यापाशी थांबली आणि त्यांनी माळ हळूच उलटी फिरवली. माळेतला तो जाडा मणी ओलांडायचा नसतो, तिथून मागे वळायचं असतं. मीही रोज तशीच वळते.

आई गेल्याचं ताईनं मला दुसऱ्या दिवशी कळवलं. "तू उगाच धावपळ केली असतीस," म्हणाली. आईचं तोंडही मला दिसलं नाही. मठातले काका म्हणाले, "रोज ताईच्या नावानं जप करा, मन मोकळं होईल." वर्ष झालं. मणी सरकतात तशी मी ताईला खरंच माफ करत जाते. आईचं सगळं एकटीनं केलेली, दमलेली ताई मला दिसते. मग बोटाला मेरू लागतो, आणि मी आले तशीच परत फिरते.

न राहवून आजींना विचारलं, "तुम्ही कुणासाठी करता?"

"सासूबाईंसाठी. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

"मग केलंत माफ?"

आजींनी माळ डोळ्यांना लावली, पिशवीत ठेवली आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"उद्या येशील ना गं?"