विकायला नसलेला खिमा

"आधी खा, भाईजान, मग भांडा." मी तावातावाने जिना चढून गेलो की भाबी एवढंच म्हणायच्या आणि गरम पाव माझ्या हातात ठेवायच्या. तोंड भरलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं.

नव्वदच्या दशकात आम्ही मस्कतच्या घाला भागात एकाच इमारतीत राहायचो. खाली गॅरेजं, वर बिऱ्हाडं. मी गाड्यांचे जुने सुटे भाग विकायचो. त्यांचे घरवाले क्रेन चालवायचे. ती दोघं श्रीवर्धनची, मी म्हसळ्याचा. तेव्हा भाबींच्या तव्यावर माझा हक्क आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

जुम्म्याची नमाज झाली की त्यांच्याकडे बड्याचा, म्हणजे बीफचा, खिमा व्हायचा. यंत्रातून काढलेला त्यांना चालत नसे. "त्याचा चिखल होतो," म्हणायच्या आणि मांस स्वतः सुऱ्याने बारीक करायच्या. लाल परतलेला कांदा, गावाहून आणलेला मसाला, हिरव्या मिरच्या सढळ हाताने, आणि आमसुलाऐवजी इथलं वाळवलेलं काळं लिंबू कुटून. हे सगळं लांबट समून पावात गच्च भरायचं, तुपाच्या तव्यावर ठेवायचं, वर दुसरा तवा आणि त्यावर वरवंटा. पाव कडेला कुरकुरीत व्हायचा आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा मी घासाघीस करून गोठवलेला खिमा स्वस्तात आणला. त्यांनी पिशवीत नुसतं डोकावून पाहिलं.

"भाईजान, जुना माल तुमच्या दुकानात ठीक आहे. इथे नाही."

मी चिडून जिना उतरलो आणि ताजं मांस घेऊन पुन्हा चढलो. मला असा जिना उतरायला लावणारं माणूस दुसरं झालं नाही.

आता माझी खरी तक्रार ऐका. आमच्या अर्बाबचा, म्हणजे ओमानी मालकाचा, कोपऱ्यावर एक गाळा रिकामा होता. तो मला कधीचा हवा होता. तिथे कॅफेटेरिया काढला, भाबींचा खिमा ठेवला, की सगळी गॅरेजं दारात उभी राहणार! म्हणून एका जुम्म्याला मी अर्बाबना भाबींकडेच जेवायला नेलं. त्यांनी एक पाव खाल्ला, डोळे पुसले आणि दुसरा मागितला.

"ये बिकेगा तो दुकान तेरा, इन्शाल्ला," मला म्हणाले.

मी होकार देणार, तोच स्वयंपाकघराच्या पडद्याआडून भाबींचा आवाज आला.

"विकायचा नाही. अर्बाबना खायचा असेल तर दर जुम्म्याला यायला सांगा."

"भाबी, विचार तरी करा!"

"केला की. आज विकायला घेतला, तर उद्या तुम्ही मांस कमी करा म्हणाल, परवा तूप. मग त्यात माझं काय उरलं?"

तुपाचं जाऊ द्या, पण मांसाचा विचार माझ्या डोक्यात नुकताच येऊन गेला होता. तो त्यांना पडद्याआडून कसा दिसला?

मी ते हिंदीत सांगितलं, तसे अर्बाब पोट धरून हसले. गाळा त्यांनी एका शावर्मावाल्याला दिला आणि स्वतः दर जुम्म्याला भाबींकडे येऊ लागले. म्हणजे माझा गाळा गेला, आणि वर जेवायला वाटेकरी आला. तुम्हीही बाजारात माणसं पाहिली असतील. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या आकड्याला मान डोलावतो. या बाईने आकडाच सांगितला नाही. मी वर्षानुवर्षं धुमसलो, पण एकही जुम्मा चुकवला नाही.

पुढे दोन हजार सालानंतर त्यांच्या घरवाल्यांचं काम संपलं आणि ती दोघं श्रीवर्धनला कायमची परत गेली. मग शावर्मावाल्यानेही दुकान गुंडाळलं. एका जुम्म्याला अर्बाब स्वतः माझ्याकडे आले.

"दुकान खाली है. चाहिए?"

वर भाबींच्या बिऱ्हाडात आलेल्या नव्या लोकांकडून मासे तळल्याचा वास येत होता.

"क्या बेचूँ उधर?" मी म्हणालो.

अर्बाबनीही वर पाहिलं. मग ते हळूच "यल्ला", म्हणजे चला, म्हणाले, आणि आम्ही जेवायला आपापल्या घरी गेलो.