तलावपाळीला वीस मिनिटं

आज गुडघ्याला बाम चोळताना त्या वासाने आईबरोबरचा ठाण्यातला रविवार आठवला. तिचं बालपण टेंभी नाक्याजवळ गेलेलं. लग्न होऊन डोंबिवलीत आली आणि ठाण्याला निवांत जाणं राहूनच गेलं. म्हणून मी एका दिवसात सात ठिकाणं बसवली, प्रत्येकाला मिनिटं नेमून दिली.

दुसरं ठिकाण तलावपाळी. आई चपला काढून कट्ट्यावर टेकली आणि पाण्याकडे पाहत राहिली.

“आई, वीस मिनिटं झाली. चल.”

“अरे, आत्ता तर बसले. शाळा सुटली की आम्ही मैत्रिणी इथेच असायचो. बाकीचं नाही पाहिलं तर काय बिघडतंय?”

“अजून पाच ठिकाणं राहिलीत.”

“अगदी मास्तर आहेस!” ती हसली आणि चपला चाचपडत उठली.

सातही ठिकाणं वेळेत झाली. संध्याकाळी घरी गुडघ्यांना बाम लावत ती म्हणाली, “छान झालं हो सगळं.” मी ते खरं मानलं.

आता दोन जिने चढलो तरी मला बसावंसं वाटतं. तिला जे पाहायचं होतं, ते सगळं त्या कट्ट्यावरूनच दिसत होतं. तिथून तिला मीच उठवलं.