पेअरच्या लायकीचं

पेअरची फोड तोंडात टाकून भाऊसाहेब डोळे मिटतात, रस हनुवटीवरून ओघळतो आणि मला स्वर्ग दोन बोटं उरतो. इंग्रजीच्या या निवृत्त प्राध्यापकांनी माझं पहिलं नाटक भरल्या सभागृहात कवडीमोल ठरवलं होतं. आता त्यांचा पाय मोडलाय. आजाऱ्याला फळं न्यायची आपली रीत किती सोयीची!

मध्ययुगीन इंग्लंडात टाकाऊ गोष्टीला ‘एका पेअरच्याही लायकीची नाही’ म्हणत, असं मी वाचलं होतं. तिथे झाडांखाली पेअरचा सडा पडत असेल. इथे तेच फळ जाळीदार टोपडं घालून नवरदेवासारखं दुकानात बसतं. फळ चार दिवसांत नासतं, शब्दात मुरलेला अपमान मात्र शतकानुशतकं ताजा राहतो. म्हणून दर रविवारी मी त्यांना पेअरच नेतो.

काल त्यांनी विचारलं, "काय हो नाटककार, सफरचंद कधी आणणार?"

"का? पेअर गोड नाही?"

"गोड आहे. पण तो वाक्प्रचार मी वर्गात शिकवायचो. मला माफ केलंत की सफरचंद आणा."

मी गंभीरपणे मान डोलावली आणि दुसरं पेअर कापायला घेतलं.