खरकट्याच्या डब्यावरचा डोळा

रेणुकाबाई दूध घेताना आधी वास घेते, मग त्यात बोट बुडवते आणि मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघते. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत तिच्याइतकं संशयी माणूस दुसरं नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. तिनं वाईट वाटून घेतलं नाही.

"देवावर ठेवते न मी भरवसा, लक्ष्मीबाई. आता मानसावर अजून काऊन ठेवू?"

ती मूळची बाजारहत्नूरकडची. नवरा गेल्यावर दिरानं कापसाचं वावर आपल्याकडे ओढलं, तेव्हा शीतलला कडेवर घेऊन ती आदिलाबादला आली. आमचे हे विद्यापीठाच्या कार्यालयात आहेत, त्यांच्याच ओळखीनं तिला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. शीतल आता नर्सिंगला आहे. त्या मायलेकींचं सगळं त्या मेसच्या चुलीवर चालतं. दुसरा आधार नाही.

हात मात्र देवानं दिलेला. तेलुगू पोरी, गोंड पोरी, आपल्या मराठी पोरी, सगळ्या तिच्या ज्वारीच्या भाकरीवर तुटून पडतात. "इंकोकटी, अम्मा," म्हणजे अजून एक, असं म्हणत ताट पुढे करतात. रेणुकाबाई कधी भाकरी मोजत नाही. तांदळाचं पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणते. पहिली भाकरी गाईची. मोजलेलं अन्न पुरत नाही असं ती मानते आणि खरं सांगायचं तर मीही मानते.

अशा बाईच्या स्वयंपाकघरात काटा आला. तोही खरकटं तोलायचा.

गेल्या वर्षापासून विद्यापीठात पर्यावरणाचं वारं सुरू झालं होतं. इमारतींच्या गच्चीवर सोलरचे पॅनल बसले. पाण्याच्या टाकीत काहीतरी सोडलं, ते टाकी भरली की फोनवर कळवतं आणि मोटर आपोआप बंद होते. मग मेसची पाळी आली. हे सगळं बघणारे संघपाल सर, वीजशाखेत शिकवतात. बेज्जूरकडचे, मास्तरांचा मुलगा, बोलायला गोड. बोलायला गोड माणूस म्हटलं की रेणुकाबाईच्या कपाळावर आठी.

त्यांनी खरकट्याचा मोठा डबा काट्यावर ठेवला, वरच्या भिंतीला छोटा कॅमेरा ठोकला आणि बायांना समजावून सांगितलं, "मावशी, किती अन्न फेकलं जाते अन् काय फेकलं जाते, ते याच्यात येईल. रात्री जेवायला कोन कोन आहे ते पोरी दुपारीच फोनवर कळवतील. मग तेवढंच रांधायचं. अन् डब्यातलं जे उरेल ते मागच्या गॅसच्या टाकीत जाईल, त्या गॅसवर तुमची एक शेगडी चालेल."

"अन् हा डोळा आमाले बी पाह्यते का?"

"नाही नाही. फक्त डबा."

"डब्यावर हात आमचाच जाते न, सर."

सर हसले. ते हसणं तिला आवडलं नाही. संध्याकाळी माझ्या तुळशीपाशी बसून म्हणाली, "उत्तर होतं तर द्याचं होतं. हासले काऊन?"

तिच्यासोबत सुनयना काम करते, भाजी चिरायला आणि भांड्यांना. पोरगी तिखट आहे. तिनंच आधी गणित मांडलं. टाकीवर मशीन आलं आणि व्हॉल्व फिरवणाऱ्या नागेशला घरी बसवलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता डबा रिकामा दिसला की म्हणतील, आधी उगाच जास्त रांधत होते, आता कमीतही भागतं. रांधणं कमी झालं की हात कमी.

"काकी, डबा हलका झाला का आपन गेलो," सुनयना म्हणाली.

"मंग?"

"मंग डबा हलका होऊच द्याचा नाही."

भाताची पेज आजवर पलीकडच्या वस्तीतल्या म्हशींना जायची. त्या दिवसापासून ती डब्यात जाऊ लागली. बादलीभर पेज ओतली की काट्यावरचा आकडा चढायचा आणि दोघी एकमेकींकडे बघून पदरात हसायच्या. मला रेणुकाबाईनं हे सांगितलं तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. ज्यानं डोळा बसवला त्याच्या डोळ्यात थोडी पेज गेली तर गेली.

पुढे काय होईल ते आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

महिपत हा मेसचा कंत्राटदार. पांढरा शर्ट, पांढरी स्कूटर; मेसमध्ये कधी जेवत नाही. त्याला दर आठवड्याला डब्याचा आकडा फोनवर जायचा. तिसऱ्या आठवड्यात तो फोन हातात घेऊनच स्वयंपाकघरात आला.

"रेणुकाबाई, हे काय चालू राह्यलं? पोरी तुमच्या हातचं फेकून देऊन राह्यल्या!"

"कोन म्हनते?"

"मशीन म्हनते. मशीन काय तुमची भावकी आहे, खोटं बोलाले?" मग फोन खिशात घालत म्हणाला, "इचोड्याच्या ढाब्यावरचा एक आचारी पाह्यला मी. सोमवारपासून येते. तुमी हिशोब करून घ्या."

ती माझ्याकडे आली तेव्हा मी दिवा लावत होते. चहा नको म्हणाली. रेणुकाबाई चहा नको म्हणते म्हणजे काय ते मला कळतं.

"सांगितलं का पेज ओतली, तर लबाड म्हनून काढतीन. नाही सांगितलं, तर हात बिगडला म्हनून काढतीन. अन् आचारी तर त्यानं आधीच पाहून ठेवलेला. कसा काय?"

तो 'कसा काय' माझ्याही मनात रुतला. सर आणि महिपत दोघांचा मिळून तर हा डाव नसेल? एकानं डोळा बसवायचा, दुसऱ्यानं आकडा दाखवायचा, आणि जुनं माणूस दाराबाहेर. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "संघपाल तसा पोरगा नाही."

"तुम्ही कोणाला तसा म्हटलंय आजवर?" मी म्हटलं.

शनिवारी सकाळी आरतीचा प्रसाद घेऊन मी मेसच्या मागच्या दारानं गेले. बघते तर शेगडीभोवती सगळे उभे. खरकट्याच्या गॅसवरची ज्योत फुरफुरत होती, भाकरी तव्यावर तशीच पांढरी. भाजीची पोती उतरवून घ्यायला महिपतही आलेला. संघपाल सर मागची टाकी उघडून आत आले, आणि त्यांच्याबरोबर आंबट वास आला.

"टाकी आंबली," ते म्हणाले. "भातासारखं काहीतरी फार गेलं आत. अशानं गॅस तयारच होत नाही." मग त्यांनी फोनवर कॅमेऱ्याचा एक फोटो उघडला आणि रेणुकाबाईपुढे धरला. डबा, आणि डबाभर पांढरं. "मावशी, मी चार दिवसांपासून हे पाहून राह्यलो. हे काय आहे?"

"तुमाले मालूम आहे तं मले काऊन पुसता?"

"मला मालूम नाही. मला वाटलं दही खराब झालं. म्हणून पुसतो."

सुनयनानं मान खाली घातली. महिपत पुढे सरकला. "दही नाही सर, हे रेणुकाबाईचं रांधनं आहे. पोरी फेकतात. म्हनून तं मी मानूस बदलून राह्यलो."

रेणुकाबाईनं तवा खाली उतरवला. मला वाटलं ती रडेल. रडली नाही.

"पेज आहे थे," ती म्हणाली. "भाताची पेज. म्या ओतली, माह्या हातानं. डबा भारी दिसावा म्हनून."

"ऐका!" महिपत म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं कबूल!"

"हो, कबूल. लबाड म्हना, आज काढा, बोऱ्याबिस्तर घेऊन जाते मी. पन माह्या हातचं पोरी फेकतात असं नका म्हनू. तेवढं मी आयकून घेनार नाही. तुमी कधी खाल्लं का इथं, महिपतराव?"

सुनयना एकदम म्हणाली, "काकीची नाही, माही अक्कल होती थे." रेणुकाबाईनं तिला डोळ्यांनीच दाबलं.

सरांनी फोन खिशात घातला. मग महिपतला म्हणाले, "मग या आकड्याला काही अर्थच नाही. यावरून कोणाला काढता येत नाही. एक आठवडा पेज बाहेर ठेवू अन् पुन्हा पाहू. तोवर तुमचा आचारी इचोड्यालाच राहू द्या."

महिपत पुटपुटत पोत्यांकडे गेला. मला वाटलं संपलं. पण रेणुकाबाई सरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आठवड्यानं डबा हलका होईल. माह्या पोरी ताट पुसून खातात, मले ठावं आहे. मंग? मंग हात कमी करसान न? नागेशवानी?"

"मावशी..."

"असं नाही. बेलभंडारा उचला, शपथ घ्या अन् सांगा."

"मी बेलभंडारा उचलत नाही, मावशी. आमच्यात नसते."

क्षणभर मलाच अवघडल्यासारखं झालं. पण रेणुकाबाई तेवढ्यावर सोडणारी नव्हे. तिनं मोठ्या शेगडीवर दुसरा तवा टाकला, भाकरी थापली, ताटलीत अंबाडीची भाजी घातली, वर चिमूटभर मीठ ठेवलं आणि ताटली त्यांच्या हातात दिली.

"मंग माहं मीठ खा अन् सांगा."

सर चुलीपाशीच खाली बसले. पहिला घास मिठाला लावून खाल्ला. मग म्हणाले, "महिपतराव कोणाला ठेवतील, कोणाला काढतील, ते माझ्या हातात नाही. नागेशला काढलं तेही मी थांबवू शकलो नाही. त्याचा शब्द मी देत नाही. पण या डब्याचा आकडा दाखवून त्यांनी कोणाला काढलं, तर हा डबा मी माझ्या हातानं उचलून नेईन अन् वर जाऊन काऊन नेला ते सांगीन."

"अन् तुमाले वरून बोलले तं?"

"बोलतील."

रेणुकाबाईनं दुसरी भाकरी वाढली. नंतर मला म्हणाली, "सगळ्याचाच शब्द देला असता न त्यानं, तर मी येका शब्दावर विश्वास ठेवला नसता."

आठवड्यानं डबा खरंच हलका निघाला, इतका की सरांनी काटा दोनदा तपासला. पेज पुन्हा म्हशींकडे गेली आणि गॅसच्या शेगडीनं ज्योत धरली. पोरी फोनवर कळवू लागल्या तसा शनिवार-रविवारचा भात निम्म्यावर आला. गावी गेलेल्या पोरींचाही भात आजवर शिजत होता, हे तेव्हा कळलं. आचारी इचोड्याहून आलाच नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. महिपत आला आणि म्हणाला, "आता रांधनं कमी, भांडे कमी. सुनयनाचं काय काम?"

त्या दुपारी आमचे हे कार्यालयातून आले ते हसतच. संघपाल सर काट्यासकट डबा उचलून थेट वरच्या साहेबांच्या खोलीत घेऊन गेले होते म्हणे. खरकट्याचा वास सगळ्या मजल्यावर. साहेब ओरडले, सर बोलत राहिले, खाली महिपतला बोलावणं गेलं. संध्याकाळपर्यंत ठरलं की गॅसच्या टाकीत खरकटं निवडून टाकायला, टाकीचा आंबटपणा बघायला कायमचं माणूस हवं आणि ते माणूस सुनयना. पगार तोच. सर तिला शिकवणार.

डबा दुसऱ्या दिवशी परत जागेवर आला. डोळा तर भिंतीवर होताच.

मी रेणुकाबाईला म्हटलं, "आता तरी झालं समाधान? बोलावून जेवू घाल त्याला एकदा."

ती तांदूळ निवडत होती. खडा काढून बाजूला ठेवला.

"घाई काय आहे, लक्ष्मीबाई? एका खेपेचं मीठ किती दिवस पुरते, थे तं पाहू द्या."