वैशालीच्या तक्रारीचा नंबर

माझी आई स्क्रीनवर वाकलेली होती. पाठमोरी. लुगडं खोचलेलं, हात कोपरापर्यंत शेणामातीत. फोटोखाली ठळक अक्षरं: 'परिस्थिती नाही, मनःस्थिती बदला.' आणि त्यावर टाळ्यांची, बदामांची चित्रं वर चढत होती.

व्हिडिओ मीटिंगमध्ये आमच्या पुण्याच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "ही कोण माहितीये? तुमच्या टीम लीडची आई. घर मातीचं, तरी तुमची लीड रोज हसत लॉग इन होते. शिक काहीतरी, वैशाली."

टीम लीड म्हणजे मी. कामरगावजवळच्या वस्तीवरून, घरात बसून नऊ जणांची टीम सांभाळायचे. रेखा धनजची, वैशाली अनसिंगची, बाकीचे असेच गावोगावी. लोकांचे फ्रीज, वॉशिंग मशीन बिघडले की फोन आम्हाला येतो. गोड बोलून तक्रार घ्यायची, तक्रारीचा नंबर द्यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी. आपली मात्र एकही नाही.

कारण रोज सकाळी दहाला व्हिडिओवर आनंदाची फेरी असे. प्रत्येकाने आजची एक चांगली गोष्ट सांगायची. सांगितली की तक्त्यात नावापुढे मी हिरवा रंग भरायचा. रडगाणं गायलं की लाल. तीन लाल झाले की माणूस बाहेर. वैशालीचे दोन झाले होते. एक पोरगी आजारी आहे म्हणाली तेव्हाचा, एक नेटवर्क नाही म्हणाली तेव्हाचा. दोन्ही मीच भरलेले. हसत.

त्या दिवशी ती एवढंच बोलली होती, "मॅडम, गावातली विजेची डीपी जळाली. चार दिवस झाले, लाइन नाही. वाशीमच्या स्टेशनवर जाऊन मोबाइल चार्ज करून राह्यली मी. बॅटरी द्या, नाहीतर शिफ्ट बदलून द्या."

त्यावर मॅडमनी माझी आई काढली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

तो फोटो दिवाळीच्या आधीचा. मीटिंग चालू होती आणि आई माझ्यामागची भिंत शेणामातीने पोतारत होती. मी कॅमेरा फिरवणार, तर मॅडम ओरडल्या, "थांब, थांब! किती ऑथेंटिक!" आणि त्यांनी स्क्रीनचा फोटो घेतला. मी लाजले. खरं सांगायचं तर फुगले. पुण्याच्या बाईला आमची भिंत आवडली म्हणून दोन दिवस हवेत होते. आता ते आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

मीटिंग संपली आणि मॅडमचा मेसेज आला: 'वैशालीला लाल कर. कारण: नकारात्मक वृत्ती. संध्याकाळपर्यंत.'

आई शेतातून आली. "काहून वं, असं तोंड करून काहून बसली?"

मी फोटो दाखवला, मीटिंगमधलं सांगितलं. तिने पदराने हात पुसून मोबाइल धरला.

"हे मीच व्हय ना? मले इचारलं काहून नाही त्या बाईनं?" मग म्हणाली, "अन् ते अनसिंगची पोरगी काय मांगत होती?"

"बॅटरी."

"मंग बॅटरीच्या जागी माहा फोटू कायले देल्ला?"

लाल रंगाचं तिला सांगितलं, तशी ती खाली बसली.

"ऊसतोडीले तुह्या बापाले ताप भरला होता. मी एक दिवस सुट्टी मांगतली. मुकादम म्हने, रडतोंड्या बाया पुढच्या साली आनत नाही. नाहीच आनलं मंग." माझ्या कानातल्या हेडफोनकडे बघत ती म्हणाली, "तू बी तेच करून राह्यली काय?"

मी तेव्हा सात वर्षांची होते, खोपीत बापाजवळ बसलेली. त्या मुकादमाला मी आजवर मनात शिव्या घातल्या. त्याची किळस होती मला. त्या संध्याकाळी स्वतःची आली. रंग मी भरला नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॅडम म्हणाल्या, "चला लीड, आजची चांगली गोष्ट?"

"मॅडम, गिऱ्हाइकाचा फ्रीज बंद पडला तर आपण दोन मिनिटांत नंबर देतो. वैशालीच्या तक्रारीचा नंबर काय?"

त्यांचं हसू तसंच राहिलं. "तुझ्याकडून ही निगेटिव्हिटी अपेक्षित नव्हती."

"आणि माझ्या आईचा फोटो तिथून काढून टाका. तिला कोणी विचारलं नव्हतं."

सगळ्यांसमोर वैशालीच्या नावापुढे मी लिहिलं: 'डीपी जळाली. बॅटरी मागितली. दिली नाही.' आणि माझ्या नावापुढे लाल भरला. रेखाने माइक सुरू केला, "मलाही तो नंबर पाहिजे, मॅडम." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एकीने तर सवयीने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

दुपारपर्यंत माझी लीडगिरी गेली. नव्या लीडने वैशालीचा तिसरा लाल भरला. ती घरी बसली.

मी अजून फोन घेते. फोटोही अजून मीटिंगमध्ये झळकतो. आज दहाला माझी पाळी आली आणि मी पुन्हा तेच विचारलं. माझ्या नावापुढे आता दोन लाल आहेत. उद्या तिसरा होईल. होऊ द्या. मग मी, वैशाली आणि आई, तिघी वाशीमला कामगार कार्यालयात जाऊ. तिथेही आधी नंबरच मागणार. आणि मागताना हसणार नाही.