लखमीआजीच्या भिंतीवरचं बी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि मी अशी बाई आहे की भाजीत मीठ जास्त पडलं तरी चार घरी सांगून येते. तुम्ही ओळखीचे नाही, तेच बरं. ओळखीच्या माणसासमोर मी या गोष्टीपर्यंत येते आणि विषय बदलते.

गोष्ट काकडीची आहे. हसा हवं तर.

जव्हार तालुक्यातल्या शाळांत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले आणि आमच्या गावच्या मंडळानं मला धरलं. सुरतेला जाताना शिरपामाळावर शिवाजी महाराज थांबले होते म्हणून लोक गाड्या काढून येतात; मग त्यांनी पुढे येऊन आपलीही बाग बघावी — शिवकाळातली बाग! त्या काळात इथे जे पिकत असेल तेच लावायचं. कल्पना चांगली होती, नाही कोण म्हणतं? पण मिरची ठेवायची की नाही यावर तीन बैठका झाल्या, कारण मिरची फिरंग्यांनी आणलेली. शेंगदाणा गेला, टोमॅटो गेला, मका गेला. झेंडूसुद्धा बाहेरचाच निघाला तेव्हा अध्यक्ष दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी डोक्याला हात लावून बसले होते. उरलं काय? नाचणी, वरई, वाल, आणि लखमीआजीची काकडी.

लखमीआजी साखरशेतच्या पुढच्या पाड्यावर राहते. तिची काकडी पावसाळ्यातली — बुटकी, जाड, पिकली की तांबूस. दिवाळीला ती किसून, तांदळाच्या पिठात घालून, पानात वाफवतात. त्या काकडीशिवाय पाड्याची दिवाळी व्हायची नाही. बी एकट्या आजीकडे असायचं. बाकीच्या बायका दर वर्षी तिच्याकडून चिमूट न्यायच्या आणि काकड्या खाऊन मोकळ्या व्हायच्या, कारण बी धरायला हात लागतो आणि तो आजीचा होता. नुसतं बी नाही — पाड्यात कुणाच्याही परसात पहिलं बी पडायचं ते तिच्याच हातचं. आधी आजी टाकणार, मग घरची बाई. तिला बोलावणं यायचं, ती धुतलेलं लुगडं नेसून जायची. एवढा एक मान होता तिला. शेत नाही, जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी, पण त्या दिवशी तिच्याआधी कुणी मातीला हात लावायचं नाही.

मे महिन्यात बाग बघायला मोठे पाहुणे येणार होते, आणि त्यांना 'खरं जुनं घर'ही बघायचं होतं. आजी नेमकी मोखाड्याला नातीच्या लग्नाला निघाली होती. ती म्हणाली, "घर उघडाच ठेवतू बाई, दाखवा त्यांना. बी आल्यावर देईन बागेला." मी हो म्हटलं. बी कुठे आहे हे विचारलं नाही. का विचारलं नाही? डब्यात असेल, गाडग्यात असेल — आणखी कुठे असणार? एकतीस वर्षं मी पोरांना फळ्यावर लिहून दिलं होतं, बियाणे कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावे.

पाहुणे यायच्या सकाळी मी तिच्या घरी गेले. मला पसारा बघवत नाही, हा माझा जुना रोग. कुडाची भिंत धुरानं काळी झालेली, आणि चुलीमागे त्या भिंतीवर शेणाच्या वाळक्या चकत्या थापलेल्या, वीसेक तरी. मला वाटलं, म्हातारीनं गोवऱ्या घरातच थापल्या! चिडचिड झाली नुसती. पाहुणे फोटो काढणार आणि त्यात हे शेण? उलथन्यानं मी त्या सगळ्या खरवडल्या. भिंतीला गेरू लावला, वर पांढरी नक्षी काढली. आणि चहा ठेवायचा होता म्हणून त्या चकत्या चुलीत घातल्या.

चूल तडतडायला लागली. बारीक, सारखी तडतड. गोवरी अशी वाजत नाही, एवढं मला कळायला हवं होतं ना? हातातली शेवटची चकती मोडली तेव्हा आत बिया दिसल्या. चपट्या, पांढऱ्या, एकीला एक लागून. तीही अर्धी निखाऱ्यावर पडली. काढायला हात घातला तो भाजला, बाकी काही नाही.

इथपर्यंत चूक आहे. चूक मी कुणालाही सांगितली असती — खरंच सांगितली असती. पण पाहुणे आले, चहा प्याले, नक्षीचं कौतुक केलं, अध्यक्षांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या बाई म्हणजे या मातीचं ज्ञान." आणि मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या बाजारातून संकरित काकडीच्या बियांची पाकिटं आणली. त्या बियांना गुलाबी औषध चोळलेलं असतं. मी त्या तीन पाण्यांनी धुतल्या, रंग जाईपर्यंत. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, राख मिसळली, चकत्या केल्या आणि तिच्या भिंतीवर जिथल्या तिथे थापल्या. उन्हाळा होता, चार दिवसांत वाळल्या. हे मी घाबरून केलं असं म्हणू? घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात. माझ्या चकत्या एकसारख्या गोल आल्या होत्या.

आजी आली. भिंत बघून खूश झाली. मग चुलीमागे वाकली, बोट फिरवलं. "शेण नवा दिसतं, बाई?" मी म्हटलं, "गेरूचं पाणी लागलं त्याला, म्हणून." तिनं मान हलवली. मी शिकलेली बाई, तिच्या नातवंडांची मास्तरीण. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनात तरी कसं यावं?

कबूल केल्याप्रमाणे तिनं त्याच चकत्यांतलं बी बागेलाही दिलं, आणि त्या पावसात पाड्यातल्या सगळ्या परसांत टाकलं, नेहमीसारखं. वेल चढले, आणि काकड्या लागल्या त्या लांब, सडपातळ, गडद हिरव्या. दिवाळीला किसल्या तर नुसतं पाणी. पिठात धरेनात, पानात फुटून गेल्या. तिनं त्यातल्याच दोन पिकवून बी धरलं. पुढच्या वर्षी प्रत्येक वेलाचं सोंग निराळं, निम्मे तर भादव्यातच करपले. कुणी तिला शब्दानं बोललं नाही. फक्त त्यानंतर बोलावणं येईना. पहिलं बी टाकायला बायका आपसातच कुणाला तरी पुढे करायला लागल्या.

आणि आजीनं काय ठरवलं? पाकिटाचं बी? शिकलेल्या बाईची लबाडी? छे! ती मला म्हणाली, "माझा हात बिघडला, बाई. काय चुकला माझा, समजत नाय." लग्नाला गेले होते तिथे काही उष्टं-खरकटं शिवले असेन, म्हणाली. देवाला कोंबडा दिला. माझा संताप संताप झाला — तिच्यावर! हिला साधा संशय घेता येऊ नये? एकदा नीट विचारलं असतंन तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला कितीदा ऐकवलंय. तिनं विचारलं होतं. शेणाला बोट लावून विचारलं होतं.

बागेत पाटी आहे. 'शिवकालीन काकडी', खाली आजीचं नाव. शेजारी उभी राहून मीच माहिती सांगते. लोक विचारतात ऑरगॅनिक आहे का, वेल धरून फोटो काढतात, एखादी बाई म्हणते की चव अगदी लहानपणची आहे. लहानपणची कशी असेल! वैताग येतो, आणि मी पुढच्या वाफ्याकडे वळते.

यंदा आजीच्या परसात बी टाकायच्या दिवशी मी गेले होते. तिनं माती भुसभुशीत करून आळी करून ठेवली होती. मग ती बाजूला बसली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. बियांची वाटी माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच टाका, बाई. तुमचा हात चांगला."

मी टाकलं. एकेका आळ्यात तीन-तीन, ती सांगेल तसं. आठव्या दिवशी सगळं उगवलं, आणि पाड्यातल्या दोन घरांनी मला पुढच्या वर्षीचं बोलावणं देऊन ठेवलं. आजीनंच त्यांना माझं नाव सुचवलं होतं. मी नाही म्हटलं नाही.