तीन रिव्हर्स, एक पुढचा

रविवार, सकाळचे अकरा. सिल्वासाजवळ नरोलीत, भिकन मिस्त्रीच्या गॅरेजसमोरची मोकळी जागा. मी दोन वर्षं स्वतःच्या हातांनी घासून, जोडून उभी केलेली जुनी जीप त्या दिवशी पहिल्यांदा चालणार होती.

एवढी माहिती निर्विवाद. पुढचं सगळं माझ्या अब्रूवर येतं, तेव्हा चहा घ्या आणि मधे बोलू नका.

भिकन मूळचा शिरपूरचा. कंपनीतली नोकरी सोडून त्याने नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलेलं. माझ्या जीपचा गिअरबॉक्स त्याने बांधला होता, बाकी सगळं मी. त्या सकाळी खैरनार साहेब मुद्दाम आले होते. नाशिकचे, इथल्या एका कारखान्यात मॅनेजर. वडिलांची जुनी जीप भिकनकडे द्यायची की नाही, हे ते माझी जीप बघून ठरवणार होते. भिकनचं पहिलं मोठं काम!

मी रुबाबात बसलो. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

जीप मागे गेली.

अहो, मागे! खैरनार साहेबांनी बाजूला उडी मारली. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे. रिव्हर्स टाकला, तर बाईसाहेब पुढे!

"फोर-व्हील टाका, भाऊ!" भिकन ओरडला.

टाकला. आता पुढची चाकं पुढे ओढतायत, मागची मागे, आणि मधे मी जागच्या जागी थरथरतोय. तुम्ही काय केलं असतं? मी तीस वर्षं बातमीदारी केली आहे. मी आरोप केला.

"भिकन! गिअरबॉक्स उलटा बांधलास!"

"काय बोलू राहिले भाऊ? गिअरबॉक्स उलटा बसतो का कधी?"

"मग जीप काय लाजून मागे जातेय?"

खैरनार साहेबांनी घड्याळ बघितलं. "मिस्त्री, आमच्या जीपचं बघू नंतर," म्हणाले आणि निघून गेले. भिकन त्यांच्या गाडीच्या धुळीकडे बघत राहिला. मी गप्प बसलो का? छे! "लोकांना सावध केलंच पाहिजे," असं वर सुनावलं.

त्याने गिअरबॉक्स उतरवला, उघडला. एकूण एक दात जागेवर. आता मात्र मला काही कळेना. मग तो जीपखाली सरपटत गेला.

"भाऊ, हा मागचा ॲक्सल कोणी बसवला?"

"मी. का?"

"तेल टपकू राहिलं. याचं हवेचं भोक खाली कसं आलं?"

सांगावंच लागलं. जीप उंच दिसावी म्हणून मला ॲक्सल स्प्रिंगच्या खाली घ्यायचा होता. पण स्प्रिंग टेकायच्या बैठका त्याच्या खालच्या अंगाला. त्या कापून वर वेल्ड कोण करणार? मी अख्खा ॲक्सलच पालथा करून टाकला! केवढा खूश झालो होतो त्या रात्री! पालथा केला की आतलं मोठं चक्र डावीकडचं उजवीकडे जातं आणि चाकं उलटी फिरतात, हे मला कोणी सांगायचं?

"जोडला मजबूत आहे, भाऊ," भिकन खालूनच म्हणाला. "फक्त पालथा जोडला."

मी त्याला बजावलं, गॅरेजबाहेर एक शब्द जाता कामा नये. खैरनार साहेबांना मीच कळवीन, नीट शब्दांत. दुपारी जेवताना फक्त बायकोला सांगितलं आणि मग मजकूर जुळवत बसलो. 'काही तांत्रिक कारणांमुळे' एवढ्यापर्यंत आलो होतो, तोच साहेबांचाच फोन.

"जीप भिकनकडेच देतोय. अट एकच. तुम्ही तिच्या ॲक्सलला हात लावायचा नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सूत्रांनी."

"कोणत्या सूत्रांनी?"

"कमाल करता! तुम्ही कधी नाव छापलंत?"

भिकन आईची शपथ घेतो. बायको म्हणते, मला त्यांचा नंबर तरी माहीत आहे का? तिसरा माणूस मी, आणि मी बोललेलो नाही. आयुष्यात माझ्याविषयी एकच बातमी फुटली, तीही शंभर टक्के खरी. ती कोणी फोडली, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.